चारित्र्य पडताळणीतला ‘समजते’ हा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराला जो साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती देणारा अर्ज) भरून द्यावा लागतो, त्याच्याशी माझा बावीस वर्षे रोजचा संबंध होता. एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी आधी लिपिक आणि नंतर अव्वल कारकून म्हणून काम केले. नमुने तपासून पोलिसांकडे पाठवणे आणि तिकडून अहवाल आला की टिपणी लिहून नस्ती (फाईल) वरिष्ठांकडे सादर करणे, हे माझ्याकडचे काम होते. बहुतेक अहवाल एका ओळीचे असत : ‘आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.’ हे पत्र लिहितो आहे ते उरलेल्या थोड्या अहवालांबद्दल, आणि त्यांतल्याही एका अहवालाबद्दल, जो मी आजवर विसरू शकलेलो नाही.

लिपिक पदासाठी गुणवत्तेने निवडलेला तो मुलगा महाविद्यालयात असताना शुल्कवाढीविरुद्धच्या मोर्चात होता. मनाई आदेश लागू असताना मोर्चा निघाला म्हणून पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५ खाली इतरांबरोबर त्याच्यावरही गुन्हा नोंदवला गेला आणि पुढे तो दंड भरून मोकळा झाला. ही सगळी माहिती त्याने साक्षांकन नमुन्यात स्वतःच्या हाताने लिहिली होती. पोलिसांच्या अहवालात मात्र या गुन्ह्याच्या खाली आणखी एक ओळ होती : ‘सदर उमेदवार शासनविरोधी विचारांचा असल्याचे समजते.’ कोणाकडून समजते, केव्हा समजले, तो काय बोलला किंवा त्याने काय केले म्हणून समजते, याचा कुठेही उल्लेख नव्हता. त्या एका क्रियापदावर नस्ती अकरा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. उमेदवाराला ती ओळ कधीच दाखवण्यात आली नाही. तो दर पंधरवड्याला येऊन विचारी आणि ‘पडताळणी प्रलंबित आहे’ एवढेच उत्तर घेऊन परत जाई. निवड यादीची मुदत संपली आणि प्रश्नही संपला. ती टिपणी मीच लिहिली होती. अहवालातली ओळ मी जशीच्या तशी उतरवली, तिला आधार काय असे विचारणारे एकही वाक्य त्याखाली लिहिले नाही. अव्वल कारकुनाला तेवढे लिहिण्याचा अधिकार होता.

माणूस सरकारी सेवेत येण्याआधी त्याची चौकशी होऊच नये, असे माझे म्हणणे नाही. संरक्षण, गुप्तवार्ता, अणुऊर्जा, पोलीस अशा खात्यांत ती कसून व्हायलाच हवी. प्रश्न आहे तो चौकशीत नेमके काय पाहायचे याचा, आणि याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वीच दिलेले आहे. रमाशंकर रघुवंशी हे मध्य प्रदेशातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. १९७१ मध्ये ती शाळा सरकारने आपल्याकडे घेतली आणि १९७२ मध्ये पूर्वचारित्र्याच्या पडताळणीची अट घालून त्यांना शासकीय सेवेत सामावून घेतले. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली. वरवर पाहता त्या आदेशात त्यांच्यावर कसलाही ठपका नव्हता, पण त्यामागे पोलीस अधीक्षकांचा गोपनीय अहवाल होता आणि त्यात लिहिले होते ते इतकेच, की या गृहस्थांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेतला होता. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारचे म्हणणे फेटाळले.

तो निकाल आस्थापना शाखेतल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा असा आहे. सरकारी नोकरी म्हणजे काय असा स्वर्ग आहे की तिथे फक्त देवदूतांनीच प्रवेश मागावा, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला. उमेदवाराची राजकीय श्रद्धा आणि पूर्वीची राजकीय कामे यांवर पोलिसांचा अहवाल मागवण्याची कल्पनाच समान संधी, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि संघटनास्वातंत्र्य या मूलभूत हक्कांच्या मुळावर घाव घालणारी आहे, असे त्यांनी म्हटले. एखाद्या गुन्हेगारी किंवा विघातक कृत्यात उमेदवाराचा सहभाग होता का, हे तपासणे मात्र वेगळे, हेही त्यांनी त्याच निकालात स्पष्ट केले. न्या. चिन्नप्पा रेड्डी हे डाव्या विचारांकडे झुकलेले म्हणून ओळखले जात. ज्या विचाराशी त्यांचे काडीचेही जमत नसावे त्या विचाराच्या शिक्षकाला त्यांनी नोकरी परत मिळवून दिली, म्हणून हा निकाल मला विशेष मोलाचा वाटतो.

केंद्र सरकारने १९६६ मध्ये परिपत्रक काढून राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी या दोन संघटनांच्या कार्यात भाग घेण्यास आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई केली. १९७० आणि १९८० मध्ये ती पुन्हा अधोरेखित झाली. ९ जुलै २०२४ रोजी एक नवे परिपत्रक निघाले आणि त्या जुन्या परिपत्रकांतून संघाचा उल्लेख वगळण्यात आला. कायदेशीरपणे चालणाऱ्या संघटनेशी संबंध हे नोकरीतून वगळण्याचे कारण असू नये, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण तत्त्व म्हणून मान्य करायचे तर ते जुन्या परिपत्रकातल्या एकाच नावाला लावून कसे चालेल? एका नावावरची खूण पुसली, दुसऱ्यावरची राहू दिली, तर यादी बदलली एवढेच झाले. उद्या सरकार बदलले की पोलीस ठाण्यातल्या गोपनीय शाखेचा अंमलदार नवी यादी डोळ्यांपुढे ठेवून ‘समजते’ लिहू लागेल, आणि आज निर्धास्त असलेल्या घरांतली मुले तेव्हा कार्यालयांचे उंबरठे झिजवतील.

योगायोग असा की, जमातेचे नाव सर्वोच्च न्यायालयापुढे सुरक्षा मंजुरीच्याच संदर्भात आले. केरळमधल्या मीडियावन या वृत्तवाहिनीच्या परवान्याचे नूतनीकरण २०२२ मध्ये नाकारण्यात आले, कारण गृह मंत्रालयाने तिला सुरक्षा मंजुरी दिली नव्हती. का दिली नव्हती हे वाहिनीला सांगण्यात आले नाही, कारणे बंद लिफाफ्यातून न्यायालयाला दाखवण्यात आली आणि केरळ उच्च न्यायालयाने ती पुरेशी मानली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून निर्माण करता येत नाही, त्यामागे साधार सामग्री लागते, असे न्यायालयाने बजावले. वाहिनीने सरकारच्या धोरणांवर टीका केली, ही बाब तिच्याविरुद्ध जाऊ शकत नाही, आणि ज्या संघटनेशी तिचा संबंध असल्याचे सांगितले जाते त्या जमाते इस्लामी हिंदवर बंदीच नाही, हेही न्यायालयाने दाखवून दिले. हा खटला परवान्याचा होता, नोकरीचा नव्हता, हे मी जाणतो. पण लिफाफा तोच आहे. फरक एवढाच, की वाहिनीपाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतके बळ होते. तालुक्याच्या गावातून आलेल्या बी. ए. झालेल्या मुलापाशी ते कुठून असणार?

याच वाटेने जर्मनी गेली तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम जर्मनीत जानेवारी १९७२ मध्ये केंद्र आणि राज्ये यांनी मिळून एक निर्णय घेतला, की लोकशाही घटनेवरील ज्यांच्या निष्ठेविषयी शंका आहे त्यांना सरकारी सेवेत घ्यायचे नाही. पुढच्या काळात लाखो उमेदवारांची माहिती गुप्तचर खात्याकडून मागवली गेली. शिक्षक, टपाल कर्मचारी, रेल्वेचे इंजिनचालक असे सगळेच त्यात आले, आणि निर्णयाचा रोख कागदावर दोन्ही टोकांकडे असला तरी प्रत्यक्षात फटका बसला तो मुख्यतः डाव्यांना. डोरोथेया फोग्ट या भाषाशिक्षिकेच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, केवळ कम्युनिस्ट पक्षाची सदस्य म्हणून तिला बडतर्फ करण्यात आले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. बाडेन-व्यूर्टेमबर्ग राज्याचे २०२३ मधले मुख्यमंत्री विनफ्रीड क्रेचमान यांना तरुणपणी शिक्षक होताना स्वतःला या चौकशीची झळ लागली होती. त्या वर्षी त्यांनी पूर्वी अन्याय झालेल्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आणि त्याच देशात २०२० मध्ये संरक्षण मंत्र्यांना लष्कराच्या निवडक कमांडो दलातली एक तुकडी उजव्या अतिरेकी प्रवृत्ती बोकाळल्या म्हणून बरखास्त करावी लागली. शाळेतल्या बाईंची निष्ठा मोजण्यात दशके घालवलेल्या देशाला आपल्या शस्त्रधारी दलात काय शिजते आहे, ते वेळेवर दिसले नव्हते.

सुरक्षेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा असे मला वाटते. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत हेरगिरीचे मोठे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा थेट पंतप्रधान कार्यालयातली कागदपत्रे बाहेर गेलेली आढळली. ती गेली होती पैसा आणि मद्य यांच्या मोबदल्यात, कुठल्याही विचारसरणीपायी नव्हे. अमेरिकेत जॅक टेशेरा या हवाई दलाच्या राखीव तुकडीतल्या तरुणाने अतिगोपनीय कागदपत्रे मित्रांना दाखवली आणि २०२४ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रे आणि वंशद्वेष यांविषयीच्या वक्तव्यांवरून त्याला शाळेतून निलंबित केले गेले होते, तरी त्याला सर्वोच्च दर्जाची मंजुरी मिळाली. पुढे गोपनीय माहिती टिपून घेताना वरिष्ठांनी त्याला पाहिले, समज दिली आणि कामावर तसेच ठेवले. धोक्याच्या या खुणा वर्तनात होत्या, त्यांना तारीख होती, साक्षीदार होते, आणि त्यांकडेच दुर्लक्ष झाले.

आपल्याकडे २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पडताळणीचे बरेच नियम घालून दिले आहेत. उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे, मोठ्या व संवेदनशील पदांसाठी कसोटी कठोर असावी, पण तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती राहून गेली तर ती बाब माफ करण्याचा विवेक नियुक्ती अधिकाऱ्याने वापरावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे घोषणा लपवणाऱ्यालाही न्यायालय सवलत देऊ पाहते. माझ्या नस्तीतल्या मुलाने तर काहीच लपवले नव्हते. महाराष्ट्रात राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांनी वेळोवेळी घेतले आहेत. त्या खटल्यांतल्या नेत्यांचे काहीच अडले नाही, अडते ते त्यांच्या मागे चालणाऱ्या मुलांचे.

ही काळजी आताच वाटण्यालाही कारण आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ते कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटनांविरुद्ध आहे, असे त्याच्या उद्देशातच म्हटले आहे. त्या विधेयकाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. पण ‘कडवी विचारसरणी’ हा शब्दप्रयोग एकदा शासकीय लेखनात रुळला की तो पडताळणी अहवालातही येणार, हे बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. खाली लिहिणारा हवालदार असतो, त्याच्यापुढे त्या दिवसाचे दहा नमुने पडलेले असतात आणि वरून आलेले शब्द वापरणे त्याला सर्वांत सुरक्षित वाटते.

म्हणून सामान्य प्रशासन आणि गृह या दोन्ही विभागांना माझी विनंती आहे, की चारित्र्य पडताळणीच्या अहवालाचा नमुनाच बदलावा. विचार, निष्ठा, कल यांविषयी मत लिहिण्यास त्यात जागाच ठेवू नये. प्रतिकूल शेरा लिहायचा असेल तर कृत्य कोणते, तारीख कोणती आणि आधार कोणता हे तीन रकाने भरल्याशिवाय तो अहवाल कार्यालयाने स्वीकारू नये. असा शेरा उमेदवाराला लेखी कळवून पंधरा दिवसांत त्याचे म्हणणे घ्यावे. खबऱ्याचे नाव झाकायचे असेल तर खुशाल झाकावे, पण आरोप झाकू नये. पडताळणीला उशीर कार्यालयाकडून झाला असेल तर निवड यादीची मुदत तेवढ्याने वाढवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

तो मुलगा आता पन्नाशीजवळ आला असेल. त्याच्याविषयी तेव्हा काय ‘समजले’ होते, हे त्याला आजही कोणी सांगितलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा