चित्रांच्या विक्रीतला वाटा कोणाला द्यावा, याविषयी आण्णांना पत्र

॥ श्री ॥

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

ऑक्टोबरमधील प्रदर्शनात माझी चित्रे विकली गेली, तर त्या पैशांतला वाटा कोणत्या संस्थेला द्यावा, हे आपले बोलणे फोनवर अर्धवटच राहते. दादाचे एक मत असते, वहिनींचे दुसरे, आणि आईला तर आधी मी माझ्या घराचे बघावे असे वाटते. म्हणून माझा विचार सविस्तर लिहून कळवीत आहे. तुम्ही तो सर्वांना वाचून दाखवावा आणि त्यात काही चुकत असेल तर मला स्पष्ट सांगावे.

माझ्या मनात पहिल्यांदा आले ते औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारख्या स्वतः चित्रकार असलेल्या राजाने १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभे केले नसते, तर माणदेशाच्या कडेला वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांना रवी वर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे कधी पाहायला मिळाली असती? हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प मी प्रथम तेथेच पाहिले आणि पुढे त्याच मूर यांचे शिक्षण जेथे झाले त्या गावात राहायला आले. औंधचे ऋण मला कायम जाणवते. परंतु ते संग्रहालय आता राज्य शासनाकडे आहे, त्याची देखभाल आणि नोकरवर्ग यांचा खर्च शासनाने करावयाचा आहे, आणि माझ्यासारखीच्या लहानशा रकमेने तेथे काही फरक पडेल असे मला वाटत नाही. तो विचार मी जड मनाने बाजूला ठेवला.

दादाने जलसंधारणाचे सुचवले. २०१६ साली वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू पहिले आले आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडीने तोच मान मिळवला, ही गोष्ट मी येथे कितीतरी लोकांना अभिमानाने सांगितली आहे. मात्र त्या कामाला हवे असते ते साऱ्या गावाचे श्रमदान आणि यंत्रांच्या डिझेलसाठी एकदम उभी राहणारी मोठी रक्कम. माझी रक्कम लहान असणार, पण ती दर वर्षी येत राहावी असा माझा प्रयत्न राहील, आणि अशा पैशाचा उपयोग दर महिन्याला न चुकता येणाऱ्या खर्चाला अधिक होतो. वहिनींनी म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचे नाव घेतले. दुष्काळात त्यांनी चालवलेल्या जनावरांच्या छावणीबद्दल आणि बायकांनी बायकांसाठी उभ्या केलेल्या बँकेबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही ज्या कामाकडे देशभरातील लोकांचे लक्ष आहे, त्यापेक्षा ज्याकडे तालुक्याबाहेर फारसे कोणी पाहत नाही, तेथे माझा वाटा जावा असे मला वाटते.

म्हणून माझे मन वळले आहे ते दहिवडीच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या त्या लहान संस्थेकडे, जिच्याविषयी तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितले होते. या प्रदर्शनातील निम्म्याहून अधिक चित्रे त्याच कुटुंबांची आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट निघालेली आणि पाडव्यापर्यंत कारखान्याच्या तळावर खोपटात राहणारी ती माणसे आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि घरी सांभाळायला आजी नसेल तर मूलही फडावर जाते. मग ऐन वर्षाच्या मध्यात त्याची शाळा सुटते आणि पुष्कळदा ती परत सुरूच होत नाही. त्या पाच-सहा महिन्यांत मुलाला दोन वेळचे जेवण, झोपायला सुरक्षित जागा आणि शेजारीच शाळा मिळाली, तर त्याचे वर्ष वाचते. ज्यांच्या चेहऱ्यांकडे आणि गाड्यांकडे पाहून मी चित्रे केली, त्या चित्रांच्या किमतीतला वाटा त्यांच्या मुलांकडे जाणे मला न्यायाचे वाटते.

आण्णा, रक्कम कशासाठी द्यावी याबद्दल माझे मत पक्के आहे आणि ते तुमच्याकडूनच आलेले आहे. संस्थेच्या चिटणीसांनी तुम्हाला नवी खोली बांधण्याचे आणि तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्याचे सुचवले, असे तुम्ही म्हणालात. मला पाटी नको आणि खोलीही नको. भिंतींसाठी पैसे देणारे पुष्कळ मिळतात, कारण भिंत दिसते. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार, ज्वारी, डाळ, तेल, गॅस, वीजबिल आणि रात्री मुलींच्या खोलीशेजारी झोपणाऱ्या अधीक्षिकेचे मानधन यांसाठी कोणी देत नाही. तुम्ही आयुष्यभर रयतच्या शाळांत शिकवले. कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ते बोर्डिंगमधील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून, हे आम्ही तुमच्या तोंडून किती वेळा ऐकले आहे! मुष्टिफंडाच्या मूठभर धान्यावर ज्या जिल्ह्यात वसतिगृहे चालली, तेथे धान्याच्या खर्चाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. म्हणून माझी देणगी वसतिगृहाच्या चालू खर्चासाठी असेल आणि त्यातला कोणता खर्च आधी भागवायचा हे संस्थेने ठरवावे. मुलांसाठी रंग आणि कागद मी वेगळे पाठवीन. ते या हिशेबात धरू नयेत.

आता पैशांचा प्रश्न, ज्यावर घरात सर्वांत अधिक गैरसमज आहेत. चित्र पाचशे पौंडांना विकले म्हणजे माझ्या हाती पाचशे पौंड येतात असे नाही. या कलादालनाची दलाली चाळीस टक्के, म्हणजे दोनशे पौंड, आधीच कापली जाते, आणि अनेक ठिकाणी ती पन्नास टक्केही असते. चौकट, काच, रंग यांचा खर्च आणि उरलेल्या उत्पन्नावरील आयकर मला भरावा लागतो. येथील मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिली तर सरकार पौंडामागे पंचवीस पेन्सची भर त्या संस्थेला देते, परंतु भारतातील संस्थेला तो नियम लागू होत नाही. म्हणून ‘होणारा नफा संस्थेला’ असे मोघम लिहिण्याऐवजी, प्रत्येक चित्राच्या विक्रीच्या पूर्ण किमतीचे पंचवीस टक्के, म्हणजे पाचशेंमागे सव्वाशे पौंड, असे मी ठरवले आहे. नफा किती झाला हे चित्र घेणाऱ्याला कधीच कळत नाही. किमतीचा चौथा हिस्सा त्याला तेथल्या तेथे मोजता येतो.

येथे तसे सांगणे कायद्यानेही आवश्यक आहे. इंग्लंडमधील १९९२ च्या धर्मादाय कायद्याप्रमाणे, व्यवसाय करणाऱ्याने संस्थेचे नाव सांगून वस्तू विकली, तर त्या संस्थेला किती रक्कम जाणार हे ग्राहकाला सांगावे लागते आणि संस्थेशी आधी लेखी करारही करावा लागतो. त्यामुळे मला संस्थेच्या विश्वस्त मंडळाचा रीतसर ठराव हवा आहे. चिटणीसांचा तोंडी होकार पुरणार नाही.

भारताच्या बाजूने परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० सांभाळावा लागेल. त्या कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी व्यक्तीकडून देणगी घेता येत नाही, आणि आपल्या या लहान संस्थेकडे यांतले काहीच नाही. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणीकृत संस्थांनाही असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात घ्यावे लागतात आणि ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे पोहोचवण्याचा जो मार्ग दादाने सुचवला, तो त्यामुळे बंद आहे. मात्र माझे पारपत्र अजून भारतीय आहे, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. चित्राची किंमत ही व्यवसायात विकलेल्या वस्तूची किंमत आहे, म्हणून ती माझी कमाई ठरते. प्रदर्शनात दानपेटी ठेवली आणि त्यात येथल्या लोकांनी पैसे टाकले, तर ते माझ्या हातून गेले तरी परकीयच राहतील. यासाठी मी पेटी ठेवणार नाही आणि संस्थेचा खातेक्रमांकही कोठे छापणार नाही. ह्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले असल्यामुळे आमच्या दोघांच्या खात्यातूनही पैसे द्यायचे नाहीत. ते माझ्या एकटीच्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यातून जातील आणि सोबत पारपत्राची प्रत असेल. संस्थेच्या लेखापालांनी हे सर्व एकदा तपासून लेखी कळवावे, अशी त्यांना विनंती करा.

दादाचे दुसरे म्हणणे असे की रक्कम त्याच्या खात्यावर पाठवावी, त्याने आपल्या नावाने देणगी द्यावी, म्हणजे ८०जीखाली त्याला प्राप्तिकरात सवलत मिळेल. दादाचा हेतू वाईट नाही, हे मी जाणते, पण हे मला मान्य नाही. घेणाऱ्याला मी जे सांगून चित्र विकले, तेच पावतीवर दिसले पाहिजे: पैसे कोणाचे, कोणाकडून, कोणाला. मला स्वतःला त्या सवलतीचा काही उपयोग नाही, कारण तेथे माझे करपात्र उत्पन्न नाही. तरी संस्थेचे ८०जीचे प्रमाणपत्र मुदतीत आहे का, हे पाहाच. ते वेळेवर नूतनीकरण करणारी संस्था इतर कागदही सांभाळून ठेवीत असण्याचा संभव अधिक.

माझ्या वतीने तुम्ही आणि दादाने एकदा तेथे जाऊन यावे. साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात दाखल केलेले गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा, उतारा मागून घ्या. विश्वस्तांपैकी कोणी निवर्तले किंवा बाजूला झाले असतील तर त्याचे बदल अर्ज दाखल झाले आहेत का, विश्वस्तांना कर्जाऊ रकमा दिल्या आहेत का, लेखापरीक्षकाने काही शेरा मारला आहे का, आणि पगार महिन्याच्या महिन्याला होतात का, हे बघा. हिशेब पाहण्याची तुमची नजर माझ्यापेक्षा फार चांगली आहे. कागद पाहून झाल्यावर मात्र, न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी वसतिगृहात जा. कोठीत धान्य किती आहे, मुलींच्या न्हाणीघराला आतून कडी आहे का, आजारी मुलाला दवाखान्यात कोण नेते, हे तेथल्या बाईंना विचारा. वहिनी बरोबर असतील तर मुली त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलतील.

आणखी एक अट मी संस्थेला घालणार आहे आणि त्याबाबत मी मागे हटणार नाही. कलादालनाच्या व्यवस्थापकांना वसतिगृहातील मुलांची छायाचित्रे चित्रांशेजारी लावायची आहेत, म्हणजे विक्री वाढेल असे त्यांना वाटते. मी नाही म्हटले आहे. आईवडील फडावर असताना त्या मुलांच्या वतीने होकार देणारे तेथे कोणी नाही, आणि आपला चेहरा परक्या देशात भिंतीवर लागला हे मोठेपणी कळल्यावर त्यांना काय वाटेल, याचा विचार आपणच केला पाहिजे. संस्थेने मला छायाचित्रे पाठवू नयेत. वर्षातून एकदा हिशेब पाठवावा आणि हंगामात किती मुले राहिली, किती वार्षिक परीक्षेला बसली, एवढे कळवावे.

प्रदर्शनाची पत्रिका सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापायला जाईल. ठरावाची प्रत आणि लेखापालांचे पत्र त्याआधी हाती आले, तरच मी पत्रिकेवर संस्थेचे नाव घालीन. ते जमले नाही तर या वेळी चित्रे नुसतीच विकीन आणि पंचवीस टक्के बाजूला ठेवून पुढच्या हंगामापूर्वी देईन. हिशेब पाहून तुम्हाला ही संस्था योग्य वाटली नाही, तर तसेही निःसंकोच लिहा. मग आपण तालुक्यातील दुसरे वसतिगृह शोधू.

आईस नमस्कार. दादा आणि वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते कळवावे, आणि दहिवडीला एसटीने न जाता दादाच्या गाडीनेच जावे.

कळावे, लोभ असावा.

तुमची धाकटी लेक