इमर्जन्सी होती की नव्हती, हे डिस्चार्जच्या कागदावरून ठरवू नका

संपादक महोदय,

माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेवर पत्रं येतात ती बहुधा बिलं थकल्याची. माझा मुद्दा त्याच्या एक पायरी आधीचा आहे. माजी सैनिक किंवा त्याची बायको योजनेच्या मान्यताप्राप्त यादीबाहेरच्या खाजगी रुग्णालयात तातडीने दाखल झाली, तर ती खरोखर इमर्जन्सी होती का, हे कशावरून ठरवायचं?

महूला लष्कराच्या सिग्नल्सच्या (संदेशवहनाच्या) कॉलेजातून निवृत्त होऊन मी इंदुरात घर केलं. माझ्यासारखे इथे पुष्कळ. त्यामुळे गल्लीतली माणसं कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी नियम निदान वाचलेला तरी असतो.

नियम वाईट नाही. यादीतल्या रुग्णालयात इमर्जन्सीला रेफरल लागत नाही, उपचार कॅशलेस, आणि अशा वेळी डिपॉझिट मागायचं नाही असं रुग्णालयाच्या करारातच आहे. यादीबाहेर गेलात तर ४८ तासांत योजनेच्या जवळच्या पॉलिक्लिनिकला (दवाखान्याला) कळवायचं, बिल स्वतः भरायचं आणि मग परतफेड मागायची. ती मिळते योजनेच्या दराने किंवा प्रत्यक्ष खर्चाइतकी, जे कमी असेल ते. वरचा फरक आपल्या खिशातून. आणि ही खैरात नव्हे. १ एप्रिल २००३ ला योजना सुरू झाली ती वर्गणीच्या तत्त्वावर. आज निवृत्त होणारा हवालदार ३० हजार आणि अधिकारी १ लाख २० हजार रुपये भरून तिच्यात येतो.

अडतं ते पुढे. समजा, विजयनगरला राहणाऱ्या सत्तरीतल्या नायब सुभेदाराला रात्री दोन वाजता छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. महूचं मिलिटरी हॉस्पिटल सगळं शहर ओलांडून वीस किलोमीटरच्या पुढे. बायको शेजाऱ्याला उठवते आणि समोर जो दवाखाना दिसेल तिथे नेते. त्या वेळी यादी कोण उघडून बघणार? दोन दिवस आयसीयूत ठेवतात, ईसीजी चांगला, ट्रोपोनिन (झटक्यासाठीची रक्ततपासणी) चांगलं, आणि डिस्चार्जच्या कागदावर येतं ॲसिडिटी.

आता ईसीएचएसची इमर्जन्सीची यादी पाहा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अचानक शुद्ध हरपणं, सर्पदंश, विजेचा धक्का, आणि शेवटी ‘जिवाला धोका असलेली इतर कोणतीही अवस्था’. ॲसिडिटी यातल्या कशात बसवायची? ते शेवटचं कलम वापरायचं की नाही, हे मंजुरी देणाऱ्याच्या मनावर. दोन दिवसांनी डॉक्टरांना जे कळलं ते त्या बाईला रात्री दोनला कळायला हवं होतं, असाच याचा अर्थ होतो. उलट, ती पित्त समजून सकाळपर्यंत थांबली असती आणि झटकाच निघाला असता तर? पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची. तिथे विचार करत बसायला वेळच नसतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलाय. बाहेरच्या रुग्णालयात गेल्यावर तिथेही ७२ तासांत कळवावं लागतं आणि इतर अटीही कमी नाहीत. पण इमर्जन्सीची कसोटी अशी: वैद्यकाचं ज्ञान नसलेल्या समंजस माणसाला त्या क्षणी थांबणं धोक्याचं वाटलं असतं का? अंतिम निदान काहीही निघो. त्यांचं सगळं उचला असं मी म्हणत नाही, एवढं वाक्य मात्र उचलण्यासारखं आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०१८ मध्ये शिवकांत झा यांच्या खटल्यात म्हटलं, की रुग्णालय यादीत नाही एवढ्यावर परतफेड नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले का ते पाहा. तो खटला सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या, पेन्शनरचा होता, पण न्याय आम्हालाही तोच लागू व्हायला हवा.

खोट्या इमर्जन्सी दाखवून बिलं फुगवणारी रुग्णालयं आहेत, हे मान्य. त्यांना जरूर धरा. पण त्यासाठी कॅज्युअल्टीतली पहिली नोंद तपासा: पेशंट किती वाजता आला, काय होतंय म्हणाला, नाडी आणि रक्तदाब किती होता. निर्णय त्या कागदावर व्हावा, आणि नियमात तसं स्पष्ट लिहिलं जावं. शिवाय रात्री किंवा रविवारी फोनवर कळवलं तर त्याची लेखी पोच मिळावी. ४८ तासांची अट घालणाऱ्यांनी एवढी सोय करायलाच हवी.

नियम बदलेपर्यंत इथल्या माजी सैनिकांच्या घरच्यांनी एक करावं. डिस्चार्ज घेण्याआधी कॅज्युअल्टीच्या त्या पहिल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी, आणि इमर्जन्सीचा दाखलाही. नंतर रेकॉर्ड रूममधून ती काढणं फार जिकिरीचं होतं.

आपला,
एक माजी सुभेदार,
राजेंद्रनगर, इंदूर