माझ्याकडे प्रार्थना मागणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय मैत्रिणी,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तोंडावर आभार मानलेले तुला चालत नाहीत. विषय काढला की तू लगेच दुसरंच काही बोलायला लागतेस. म्हणून चारचौघांत लिहिते, इथून तुला पळता यायचं नाही.

आजाराबद्दल फार लिहीत नाही. नैराश्य होतं, डॉक्टर होते, गोळ्या होत्या आणि त्या अजूनही चालू आहेत. चर्चच्या मंडळीतल्या काहींना गोळ्याच सर्वांत जास्त खटकल्या. "ख्रिस्ती माणसाला कसलं नैराश्य? विश्वास कमी पडतोय." एका बाईंनी तर, मी कबूल न केलेलं एखादं पाप असणार, असं ठणकावून सांगितलं. कुठलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जे माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत, त्यांनी माझं नाव 'प्रार्थनेचा विषय' म्हणून घरोघर पोचवलं. प्रार्थना किती झाली ते प्रभू जाणे, विषय मात्र भरपूर झाला.

हीच माणसं संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगतात, याचं मला नवल वाटतं. ज्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, तोच संदेष्टा पुढच्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येऊन त्याचा विश्वास तपासत बसत नाही. ऊठ, खा, म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, तरी कुणी रागावत नाही.

तूही मला झोपू दिलंस. यायचीस, खिडकी उघडायचीस, बसायचीस. असं करणारे आणखीही एक-दोघे होते आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही.

एका संध्याकाळी तू आलीस ती नेहमीसारखी नव्हतीस. पर्स मांडीवरून खाली ठेवलीच नाहीस. म्हणालीस, "उद्या बायोप्सीचा रिपोर्ट येतोय. मला भीती वाटतेय गं. माझ्यासाठी प्रार्थना कर."

मी बघतच राहिले. ज्या बाईला स्वतःसाठी 'प्रभू' एवढंही म्हणता येत नव्हतं, तिला तू हे सांगत होतीस! आधी वाटलं, मला बरं वाटावं म्हणून हिने काहीतरी शक्कल काढलीय. मग तू हात पुढे केलेस. ते गार पडले होते. माझे गोळ्यांनी थरथरत होते, त्यामुळे कोण कुणाला धरतंय तेच कळेना. "प्रभू, हिला भीती वाटतेय. हिला सोडू नकोस." तोंडून एवढंच निघालं. तू त्यावर असं खणखणीत 'आमेन' म्हणालीस, की पाळकसाहेबांच्या लांबलचक प्रार्थनेलाही तसं मिळत नाही.

तोवर जो तो मला द्यायलाच येत होता. कुणी वचन, कुणी सल्ला, कुणी उपासाचं वेळापत्रक. माझ्याजवळही कुणाला द्यायला काही उरलं असेल, हे तुला एकटीला सुचलं. किंवा सुचलं वगैरे काही नसेलच. तुला भीती वाटली आणि तू आपल्या मैत्रिणीकडे आलीस. मला तेच जास्त आवडतं. भली माणसं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देणारीच येतात. आपली भीती दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्याचा भलेपणा कुणी मोजत नाही.

बायबलमध्ये रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौलाचं एक वाक्य आहे. ज्या रोममध्ये तो तोवर गेलाही नव्हता, तिथल्या विश्वासणाऱ्यांना तो म्हणतो, तुम्हाला काही आध्यात्मिक दान द्यावं म्हणून भेटायची फार ओढ आहे. आणि लगेच सावरून घेतो: म्हणजे तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला, असा दोघांनाही धीर मिळावा. प्रेषित असून त्याला हे लिहायला संकोच वाटला नाही. आपल्याकडे धीर देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे, अशी कायमची वाटणी झालेली असते.

बायबलमधल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही, त्या अलीफज-बिल्ददांचं, आठवतं. त्यांनी त्याला पापी ठरवलं, आणि शेवटी देव त्यांना सात गोऱ्हे नि सात एडके घेऊन त्याच्याचकडे पाठवतो, की तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. त्याने केली, आणि मग त्याचे दिवस पालटले. आमच्या मंडळीतल्या अलीफज-बिल्ददांना तसा निरोप अजून आलेला दिसत नाही. आले तर मी प्रार्थना करीन. गोऱ्हे नकोत.

तुझा रिपोर्ट चांगला आला, तरी तू माझ्याकडे मागणं थांबवलं नाहीस, याचेही आभार. लेकीच्या मुलाखतीचं वहीत लिहून ठेवलंय. किती वाजता आहे ते मात्र तू सांगितलंच नाहीस. कळव.

प्रभूमध्ये तुझीच,
मैत्रीण