गडावरचे प्रथमोपचार पाड्यावरही शिकवा

महोदय,

पावसाळा लागला की हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीवर झुंबड उडते. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर कुणाचा पाय सटकला, तर आधी धावतो तो पाड्यावरचा पोरगा, नाहीतर लिंबू-सरबत विकणारी मावशी. १०८ ची गाडी येणार ती पायथ्यापर्यंतच! आणि प्रथमोपचाराची शिबिरे भरतात शहरातल्या एसी सभागृहात, इंग्रजी स्लाइड लावून, तीही शनिवार-रविवारी, म्हणजे या मंडळींच्या ऐन धंद्याच्या दिवशी. शुल्काचे तर बोलायलाच नको.

अशाच एका शिबिरात सरावासाठी आडवे झालेले सगळे जखमी तरुण पुरुष होते. बाई पडली तर तिला आधी विचारायचे कसे, आडोसा कसा धरायचा, साडीआड होणारा रक्तस्राव कसा शोधायचा, याचा उल्लेखही नाही. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून एक काकू कोपऱ्यात नुसत्या बघत बसल्या. अहो, फोनवरून नेमके ठिकाण सांगायला, जखमीशी बोलत राहायला गुडघे कशाला लागतात?

साप चावल्यावर करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, चावलेला हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठावे, हे मराठीत, पाड्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी सहज शिकवता येईल. त्र्यंबक, इगतपुरी तालुक्यांतल्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. जिल्ह्यातल्या गिर्यारोहण संस्थांनी पुढच्या मोसमाआधी तिथे विनाशुल्क वर्ग घ्यावेत आणि खर्चाचा भार वनविभागाने उचलावा.

– एक गडप्रेमी वाचक, नाशिक