वांद्र्याच्या वसाहतीतील रक्तदात्यांचे आभार
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया असल्यामुळे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मे महिन्यात महाविद्यालये बंद, बरेच रक्तदाते गावी, आणि साठवलेले रक्त जेमतेम 35 दिवस टिकणारे. त्यामुळे यंदा तिची तारीख आली तेव्हा रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. हे कळताच वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतील कर्मचाऱ्यांनी, आमची कसलीही ओळख नसताना, सुट्टीच्या शनिवारी रक्तदान शिबिर भरवले. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली निघाल्याने रक्त देता न आलेल्या एक ताई घरी न जाता संध्याकाळपर्यंत अर्ज भरून देत बसल्या, आणि एका शिपाईकाकांनी रक्तदानानंतर मिळालेला बिस्किटांचा पुडा न फोडता “लेकीला द्या” म्हणत माझ्या हातात ठेवला. सोमवारी तिला रक्त मिळाले. नावे विचारायचे राहूनच गेले. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.