थुंकीतला जंतू जिवंत की मेलेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षयाच्या बातम्यांत ‘थुंकी पॉझिटिव्ह’ म्हणजे जिवंत जंतू असं सर्रास धरलं जातं. झील-नील्सन या थुंकी रंगवून पाहण्याच्या तपासणीत स्लाइडवर कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवतात, २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने जादा रंग काढतात, वर ०.१ टक्के मेथिलीन ब्लू देतात. जंतू लाल राहतो तो त्याच्या मेणचट पेशीभित्तिकेमुळे, आणि ती मेलेल्या जंतूचीही टिकून असते. सीबीनॅट या जनुकीय चाचणीलाही मृत जंतूचा डीएनए सापडतो. म्हणून औषध लागू पडतंय का हे कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यावर, ठरतं. द्रवमाध्यमात ‘निगेटिव्ह’ म्हणायला ४२ दिवस जातात.

यावर उपाय जंतूच्या साखरेत आहे. भित्तिका बांधताना क्षयजंतूची ‘अँटिजेन ८५’ विकरं ट्रेहॅलोज नावाच्या साखरेला मायकोलिक आम्ल जोडतात. ही साखर माणसाच्या पेशी बनवत नाहीत. ट्रेहॅलोजला अझाइड या नायट्रोजनच्या गटाची शेपटी लावून ती जंतूला खाऊ घालायची आणि मग त्या शेपटीला चमकणारा रंग जोडायचा, ही एक रीत. अशा रसायनशास्त्रासाठी कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चं नोबेल मिळालं (मेल्डाल व शार्पलेस यांच्यासोबत). जोडणी तांब्याने घडवली तर तांबं जंतूलाच बाधतं. तांब्याविना अझाइडला जोडलं जाणारं डीबीसीओ हे रसायन प्रथिनांतल्या गंधकालाही चिकटतं आणि नको तिथे उजेड दिसतो. बफर द्रावणात टिकाऊपणासाठी सोडियम अझाइड असेल तर ते डीबीसीओलाच खाऊन टाकतं. बाटलीवरचं लेबल न वाचल्याने फसलेले प्रयोग काही कमी नाहीत! शिवाय धुण्याच्या प्रत्येक फेरीत जंतू घटतात.

२०१८ मध्ये बर्टोझींच्याच गटाने मांडलेल्या डीएमएन-ट्रेहॅलोजला (डीएमएन हा रंग जोडलेल्या ट्रेहॅलोजला) धुणंच लागत नाही. हा रंग पाण्यात जवळजवळ विझलेला असतो, भित्तिकेच्या तेलकट थरात शिरला की पेटतो. १०० मायक्रोमोलर मात्रेत तासाभरात जंतू दिसतात. उष्णतेने मारलेले दिसत नाहीत.

मात्र हा रंग फक्त क्षयजंतूलाच ओळखत नाही. क्षयजंतूचे भाऊबंद असलेले इतर मायकोबॅक्टेरिया आणि कोरिनेबॅक्टेरियाही उजळतात. भित्तिका बांधण्याचं काम मंदावलेला जंतू जिवंत असूनही फिका दिसू शकतो. त्यामुळे अशा चाचणीची बातमी देताना उष्णतेने मारलेल्या जंतूंचा नमुना शेजारी ठेवला होता का आणि निकाल कल्चरशी ताडून पाहिला का, एवढं बातमीदाराने संशोधकांना जरूर विचारावं.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे एक अध्यापक, मिरज