मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची

प्रिय पोरी,
सप्रेम जय ख्रिस्त.

रविवारी फोन मधेच ठेवला ते माझं चुकलंच. तुझी आई दोन दिवस धड बोलत नाहीये, म्हणते पोरीची पाळक म्हणून दीक्षा होऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही खोट काढायला बसलात. खोट नाही गं काढत. तुला पहिल्यांदा झग्यात बघितलं तेव्हा मागच्या बाकावर बसून रडलो होतो, आत्याला विचार.

पण तो फोटो डोळ्यांसमोरून जात नाही. मंत्री मधे, शेजारच्या खुर्चीत तू, मग तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतेयस आणि खाली मंडळी टाळ्या वाजवतेय. तू म्हणालीस, पप्पा, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं पौलच सांगतो. सांगतो की, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. टाळ्या वाजवा असं मात्र नाही लिहिलेलं.

तीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली मी. उपकाराची फाइल कधी बंद होत नाही, एवढं तिथे शिकलो. आज मंत्र्यांकडून चर्चच्या हॉलसाठी जागा मिळाली. उद्या तुझ्याकडे कोणी काही मागायला येणार नाही, फक्त एखाद्या रविवारी एखाद्या विषयावर तू बोलू नयेस एवढीच अपेक्षा असेल, तीही कोणी तोंडाने सांगणार नाही. आणि तू नाही बोलणार, कारण हॉलचा स्लॅब बाकी असेल. बस, हीच भीती.

लहानपणी तुला जर्मनीतल्या नीमोलर पाळकांची गोष्ट सांगायचो ना, ती अर्धीच सांगितली होती. १९३७ ते १९४५ हिटलरच्या कैदेत होते ते सांगितलं. त्याआधी १९३३ ला त्यांनी स्वतः हिटलरच्या पक्षाला मत दिलं होतं, ते खाल्लं. वाईट माणूस नव्हता गं, प्रार्थना करणारा, देशावर प्रेम करणारा. मग यहुदी वंशाच्या पाळकांना चर्चमधून काढायची भाषा सुरू झाली तेव्हा जाग आली. १९३४ ला तिथल्याच बार्मेन शहरात जमून काही मंडळ्यांनी लिहून दिलं की चर्च हे राज्याचं अंग होणार नाही. केवढं धाडस! पण त्या अख्ख्या कागदात बाहेर मार खाणाऱ्या यहुद्यांबद्दल एक ओळ नाही. इतक्या शूर लोकांचं तोंडही तेवढंच उघडलं, मग आपलं काय.

झालं, परत लेक्चर. सॉरी. सवय आहे म्हातारपणी.

तू मिलानच्या बिशप अम्ब्रोजचं उदाहरण दिलंस, ते मात्र रात्रभर डोक्यात होतं. सत्तेच्या जवळ गेल्याशिवाय तिचा कान कसा धरणार, म्हणालीस. खरंय, ३९० मध्ये ग्रीसमधल्या थेस्सलनीकात रोमन सम्राट थियोडोसियसच्या सैनिकांनी हजारो माणसं कापली तेव्हा याच बिशपने त्याला सांगितलं, जाहीर पश्चात्ताप कर, तोवर प्रभुभोजन नाही. पण त्याच्या दोनच वर्षं आधी एका गावात ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचं सभास्थान जाळलं, सम्राट म्हणाला तिथल्या बिशपने ते बांधून द्यावं, तर हाच अम्ब्रोज आडवा पडला आणि हुकूम मागे घ्यायला लावला. कान तोच, धरणाराही तोच. म्हणजे भीती फक्त सरकारची नाही गं, आपल्या हाताचीही आहे.

तुला आठवतं का, संडे स्कूलच्या नाटकात तू नाथान झाली होतीस, दाविद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा संदेष्टा? आठ वर्षांची असशील, आजोबांची शाल गुंडाळलेली, पायात येत होती. दाविदाचं काम करणारा पोरगा तुझ्या दुप्पट. तू बोट रोखून अशी ओरडलीस "तो मनुष्य तूच आहेस!" की तो खरंच रडायला लागला आणि नाटक थांबवावं लागलं. मी उगाच सगळ्यांना सांगत होतो, माझी पोरगी आहे.

आता लिहिताना लक्षात येतंय, नाथानही दरबारात जाणाराच होता. मग तुझंही बरोबर असेल. मला नाही माहीत. पण त्याला हॉल बांधायचा नव्हता बघ.

बीपीची गोळी घेतोय, आईला सांगायला लावू नकोस. उद्घाटनाला येऊ आम्ही दोघं. पुढच्या रांगेतले पास पाठवू नकोस, मी मागच्याच बाकावर बसेन.

तुझे पप्पा